ओळख नसलेल्या माणसाचं काय?

कोल्हापुरात कामं ओळखीवर चालतात. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, हेल्परची जागा निघाली की ते आधी कळतं आतल्या माणसाच्या भाच्याला, मेहुण्याला, नाहीतर भावकीतल्या पोराला. विद्यापीठात कुणाकडे पीएच.डी.ची जागा रिकामी होणार आहे, ही बातमी जाहिरात यायच्या आधी एम.एस्सी.च्या जुन्या बॅचमध्ये फिरलेली असते. या पद्धतीला उठसूट नावं ठेवण्यात अर्थ नाही. ओळखीनं आलेल्या पोराची जबाबदारी आणणाऱ्यावर असते. पहिल्या दिवशी त्याला डबा एकट्यानं खावा लागत नाही. कुठलं मशीन कधी अडतं, कुठल्या साहेबाला सकाळी सकाळी काही विचारायचं नसतं, ओव्हरटाइमची नोंद कुणाकडून करून घ्यायची, हे त्याला चहा पिता पिता कळतं. महिन्याभरात तो तिथलाच होऊन जातो.

त्याच दिवशी लागलेला दुसरा माणूस बघा. ठेकेदारामार्फत बिहारहून आलेला कामगार, चंदगडहून एकटी आलेली संशोधक मुलगी, घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेज पाहिलं अशा वस्तीतला पोरगा, किंवा कमी ऐकू येणारा फिटर. पगार तोच, नियम तेच, हजेरीचं कार्डही तेच. पण जे कुठंही लिहिलेलं नाही, ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे कुणी मुद्दाम त्याला बाहेर ठेवत नाही, हे मला मान्य आहे. आत घेण्याचं काम आपण आपुलकीवर सोपवलंय आणि आपुलकी आपल्याच माणसाकडे आधी जाते, एवढंच होतं. म्हणून माझं म्हणणं असं की आपुलकी जी जी कामं तोंडी करते, ती एकेक करून वहीत आणि वेळापत्रकात आणायची. आपुलकी कमी करायची नाही. ती ज्याच्यापर्यंत जात नाही त्याच्यासाठी वाट बांधायची.

या गावाला हे नवं नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहे. त्याच्या जोडीनं त्यांनी काय केलं, ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. पाण्याला शिवला म्हणून मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं दुकान काढायला लावलं. दुकान निघालं, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मंडळींच्या हातातही कप जाऊ लागला. हुकमानं नोकरी मिळते, पण नोकरीत शेजारी कोण बसतं हे हुकमानं ठरत नाही. त्यासाठी वरच्या माणसाला आपल्या वेळेतली पाच मिनिटं पुन्हा पुन्हा, सगळ्यांच्या देखत खर्च करावी लागतात.

आजच्या कारखान्यात आणि विभागात हीच गोष्ट डब्याच्या सुट्टीत दिसते. कोण कुणाबरोबर जेवतं हे एक आठवडा नुसतं बघा. शाकाहारी एका बाकावर, मटणवाले दुसऱ्या, कंत्राटी कामगार शेडच्या मागं, साफसफाईच्या बायका जिन्याखाली. कप वेगळे आहेत का, पाण्याचा ग्लास कुणी स्वतःचा आणतं का, हेही बघा. ‘आमच्याकडे जातबीत कुणी मानत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याला जात कधी आडवी आली नाही त्याच्या तोंडी असतं. सुधारणा साधी आहे: कंत्राटी आणि कायम कामगारांची सुट्टी एकाच वेळी ठेवा, भांडी एकाच प्रकारची ठेवा, आणि विभागप्रमुखानं आठवड्यातून दोनदा आपला डबा घेऊन वेगळ्या बाकावर बसावं. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज साहेब शेजारी बसला की माणसाचा घास अडतो.

गप्प बसणं महाग का पडतं

संबंध चांगले हवेत हे ऐकायला गोड वाटतं आणि मालक मान डोलावतो. पण त्यामागचा खर्च दाखवला तरच गोष्टी हलतात. फाउंड्रीचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे पावसाळ्यात स्क्रॅप, म्हणजे वितळवायचं भंगार, भिजतो. भट्टीत वितळलेलं लोखंड साधारण १४०० ते १५०० अंशांवर असतं. ओला स्क्रॅप, किंवा आत पाणी अडकलेला बंद पाइप, त्या रसाखाली गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिचं आकारमान १६०० ते १७०० पट वाढतं. रस उसळून बाहेर येतो. हा धोका सगळ्यात आधी कुणाला दिसतो? भट्टीवरच्या ऑपरेटरला नव्हे, स्क्रॅप उचलून देणाऱ्या हेल्परला. म्हणजे पाळीतला सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा आणि बहुधा परप्रांतातला माणूस. मागच्या वेळी त्यानं काम थांबवलं तेव्हा सगळ्यांसमोर आईबहिणीवरून ऐकून घ्यावं लागलं असेल, तर यावेळी तो ओला पाइप बघतो आणि गप्प बसतो.

मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे बनवताना, हेच कमी भयानक स्वरूपात रोज घडतं. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या वाळूत, ओल साधारण ३ ते ४ टक्के असावी लागते. वाळू हातात दाबून बघितली की जुन्या मोल्डरला ओल जास्त झालीय हे मीटरच्या आधी कळतं. त्यानं सांगितलं तर सँड प्लँटवाला चिडतो, नाही सांगितलं तर दोन दिवसांनी ब्लोहोलमुळं, म्हणजे ओतलेल्या मालात राहिलेल्या पोकळ्यांमुळं, माल नाकारला जातो, आणि तेव्हा दोष कुणाचा यावर तासभर भांडण होतं. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांमध्ये एकत्र काम करणाऱ्यांच्या तुकड्यांचा अभ्यास केला होता. चांगल्या चालणाऱ्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी नोंदल्या जातील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथं नोंदी जास्त निघाल्या. त्या तुकड्यांतली माणसं चुका झाकून ठेवत नव्हती, म्हणून. कागदावर चुका शून्य असलेल्या विभागाचं कौतुक करण्याआधी आपल्याकडेही हे तपासून पाहावं.

बोलणं सोपं व्हावं म्हणून पाळी बदलताना ७ ते १० मिनिटांची उभी बैठक घ्या, आणि तिचे थोडेच नियम ठेवा. बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसानं करायची, सुपरवायझर शेवटी. उलट झालं तर सुपरवायझरचं मत आल्यावर बाकीचे नुसते ‘होय साहेब’ म्हणतात. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका, त्याला आपल्याकडे ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘काल कुठं थांबावं लागलं?’ असं विचारा. थांबावं लागतंच, त्यामुळं उत्तर देणाऱ्याला तक्रार केल्यासारखं वाटत नाही. जे सांगितलं ते फळ्यावर लिहा, समोर करणाऱ्याचं नाव आणि तारीख. ४८ तासांत उत्तर द्या. ‘हे जमणार नाही, कारण अमुक’ हेही उत्तर आहे. बैठका मोडतात त्या इथंच: सुचवलेलं फळ्यावरून पुसलं जातं, काहीच होत नाही, तिसऱ्या आठवड्यापासून सगळे खाली बघून उभे राहतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फेटलिंग आणि ग्राइंडिंगमधली, म्हणजे ओतलेला माल साफ करणारी आणि घासणारी माणसं बैठकीत गप्प असतात, कारण त्यांना ऐकूच येत नाही. कारखान्यातल्या आवाजाची मर्यादा ८ तासांसाठी ९० डेसिबल आहे. वर्षानुवर्षं त्याहून जास्त आवाजात काढली की कान हळूहळू जातात, आणि आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. माणसाला बोलल्याचं कळतं, शब्द कळत नाहीत. तो अंदाजानं हसतो, मग हळूहळू चारचौघांत येणंच टाळतो. लोक म्हणतात, ‘आखडू झालाय.’ वर्षातून एकदा कानांची तपासणी, कानात बसतील असे प्लग आणि बैठक शेडच्या बाहेर, एवढ्यानं अशी कितीतरी माणसं परत माणसांत येतील.

जोडीदार

नव्या माणसाला पहिले सहा आठवडे एक जोडीदार द्या. हा जोडीदार त्याच पाळीतला हवा, त्याचा सुपरवायझर नको, नातेवाईकही नको. अनुभव २ ते ५ वर्षांचा असावा. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला नवेपण कसं असतं ते आठवत नाही. पहिल्या आठवड्यात रोज पाळीआधी १५ मिनिटं, नंतर आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी कामाच्या नसतातच: संडास कुठं, पिण्याचं पाणी कुठलं, पगार किती तारखेला आणि कुठल्या खात्यात, रजेचा अर्ज कुणाकडे, काम थांबवायचा अधिकार तुलाही आहे. ही शेवटची ओळ जोडीदाराच्या तोंडून ऐकली की खरी वाटते, फलकावर वाचून वाटत नाही.

हे बहुतेक ठिकाणी सुरू होतं आणि महिन्याभरात बंद पडतं. त्याचं कारण पैशात आहे. जोडीदार नगावर काम करत असेल तर शिकवण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. त्यामुळं पहिल्या दोन आठवड्यांसाठी त्याचं टार्गेट कमी करा किंवा सरासरी इन्सेंटिव्ह धरून द्या, आणि हे आधी जाहीर करा. दुसरी अडचण परप्रांतीय कामगारांची. त्यांना फक्त त्यांच्याच भाषेतला जोडीदार दिला तर काम लवकर कळतं, पण सहा महिन्यांनीही ते खोली, गेट आणि मशीन यांच्यापलीकडे जात नाहीत. फक्त मराठी जोडीदार दिला तर सुरक्षेच्या सूचना अर्धवट पोचतात. दोन द्या: सूचनांसाठी त्याच्या भाषेतला, आणि डब्यासाठी, दवाखान्यासाठी, बँकेसाठी इथला. आणि त्याला नावानं हाक मारा. एका शेडमध्ये चाळीस माणसांना ‘भैय्या’ म्हटलं की अपघाताच्या वेळी ओरडून सावध कुणाला करायचं?

हाक मारण्यावरून आणखी थोडं. आपली भाषा रांगडी, तिच्यात शिवीही लाडानं दिली जाते, आणि ‘भावा’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. दोन जुन्या दोस्तांमध्ये ते शोभतं. पण लाड कुठला आणि अपमान कुठला हे ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा असतो. कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्याच्या आतला गाभा बनवणाऱ्या विभागातल्या बायकांना ‘ए’ म्हणायचं आणि तिथल्याच पुरुषाला ‘मिस्त्री’, हे मात्र कुठल्याच रांगडेपणात बसत नाही. दोघंही तेच काम करतात.

गाइड आणि संशोधक

कारखान्यात निदान फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो. पीएच.डी.च्या नात्यात दोनच माणसं असतात, संशोधक आणि त्याचा मार्गदर्शक म्हणजे गाइड, आणि दार बंद असतं. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये उभं राहिलं ते या भागातल्या पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागू नये म्हणून. आजही इथल्या विभागांत शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडची, घरातली पहिलीच उच्चशिक्षित अशी बरीच मुलं असतात. त्यांना गाइड हा गुरु वाटतो, आणि गुरूला प्रश्न विचारायचा नसतो असं शिकूनच ती आलेली असतात. त्यामुळं नियम माहीत असण्याची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त, आणि नेमके त्यांनाच ते कुणी सांगत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. नियम सांगतात: प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पेक्षा जास्त संशोधक नसावेत. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, १२ ते १६ क्रेडिटचं. मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढतात, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. लग्नामुळं किंवा अन्य कारणानं स्त्री संशोधकाला गाव बदलावं लागलं तर काही अटींवर तिचं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. सासर सांगलीला की पीएच.डी. सुटली, असं समजून घरी बसलेल्या मुलींना हे कळायलाच हवं. आणि प्रत्येक सत्रात संशोधकानं संशोधन सल्लागार समितीपुढं सादरीकरण करून प्रगतीचा अहवाल द्यायचा असतो. ही समिती सहीपुरती उरली की संशोधकाचा गाइडशिवायचा एकमेव आधार गेला. समितीतल्या इतर सदस्यांनी त्या दिवशी गाइडला बाहेर बसवून दहा मिनिटं संशोधकाशी बोलावं. एवढं जरी झालं तरी पुढच्या चार वर्षांतले कितीतरी गुंते वेळेत दिसतील.

रोजच्या व्यवहारासाठी माझा आग्रह एका कागदाचा आहे. महिन्यातून किमान एक ठरलेली भेट, ४५ मिनिटं ते तासभर, आणि त्याच संध्याकाळी संशोधकानं गाइडला पाठवायचा एक पानाचा मेल: आज काय दाखवलं, सर किंवा मॅडम काय म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत मी काय करणार, माझं कुठलं प्रकरण तुमच्याकडे वाचायला आहे आणि ते कधी मिळेल. भाषा नम्र, मजकूर नेमका. प्रकरण परत यायला १५ दिवस ठरवून घ्यावेत. या मेलनं गाइडवर पाळत ठेवायची नाही. आठ जणांना सांभाळणाऱ्याला कुणाला काय सांगितलं हे आठवत नाही, आणि मग ‘मी असं कधी म्हटलं?’ हा प्रश्न येतो. पुढं वाद झालाच तर हीच पानं कामाला येतात.

पेपरवर नाव कुणाचं, कितव्या क्रमांकावर, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठरवा. निकाल हातात आल्यावर ही चर्चा सुरू केली की दोघांनाही आपलंच काम मोठं वाटतं. संशोधकाकडून काय करून घ्यायचं नाही हेही ठरलेलं असावं: गाइडच्या मुलाची शिकवणी, गाडीची सर्व्हिसिंग, बँकेची कामं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइली अमर्याद. फाइलींचं काम अंगावर येणारच, पण आठवड्याला चार तास अशी मर्यादा घालता येते. आणि यात एक छुपा भेद असतो. ज्याच्या घरून फोन येऊ शकतो त्याला ही कामं कुणी सांगत नाही.

भेटीची वेळसुद्धा माणसाला आत घेते किंवा बाहेर ठेवते. संध्याकाळी सहानंतरचा सेमिनार म्हणजे गावी जाणारी शेवटची एस.टी. पकडणाऱ्या मुलीनं मागच्या दारानं निघून जायचं. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्या मुलांचे तास विचारात न घेता लॅबची वेळ ठरवली की तीच मुलं ‘नियमित नसतात’ असा शेरा बसतो. सेमिनार अकरा ते चारमध्ये घ्या. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असा पायंडा पाडा, प्रश्न मराठीत चालेल हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावं, आणि चिठ्ठीवर लिहून दिलेले प्रश्नही घ्यावेत. इंग्रजी सुधारलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती सुधारेपर्यंत पोराची बुद्धी रांगेत उभी करायची नसते.

शब्द टाकणारं माणूस

मार्गदर्शन आणि पाठबळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मार्गदर्शक आपल्याला सांगतो, पाठीराखा आपल्याविषयी दुसऱ्याला सांगतो, आणि तेही आपण खोलीत नसताना. बढती, परदेश दौरा, चांगला प्रोजेक्ट या गोष्टी बहुधा अशाच खोलीत ठरतात.

कोल्हापूरकराला याचं उदाहरण दूर शोधावं लागत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांनी खाशाबांना कुस्ती शिकवली नव्हती. त्यांनी आपली पत आपल्या विद्यार्थ्यामागे उभी केली.

प्रत्येकानं घर गहाण टाकावं असं कुणी म्हणणार नाही. पण पत सगळ्यांकडे थोडीफार असते, आणि ती आपण कुणासाठी वापरतो हे आपल्याला स्वतःलाही दिसत नाही. ते दिसावं म्हणून संधींची एक वही ठेवा. चार रकाने पुरतात: तारीख, संधी, कोण गेलं, कुणी ठरवलं. संधी म्हणजे ग्राहकाच्या ऑडिटला सोबत जाणं, पुण्याचं प्रशिक्षण, संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर पहिला हात, परिषदेचा प्रवासखर्च, परीक्षकांना आणायला जाणं, वर्ग घ्यायची पाळी. लहानसहान संधीही लिहा. बढतीच्या वेळी ‘अनुभव’ म्हणून जे मोजलं जातं ते याच लहान गोष्टींतून साठलेलं असतं. सहा महिन्यांनी वही उघडा आणि नावं मोजा. तीच तीन-चार नावं परत परत आली, तर त्यामागं बहुधा कुणाचा वाईट हेतू नसतो. घाईच्या वेळी जो समोर दिसतो त्याला पाठवलं जातं, आणि समोर तोच असतो ज्याला साहेबाच्या केबिनमध्ये विनाकारण जाता येतं. पुढच्या सहा महिन्यांत दर तिसरी संधी यादीत नाव नसलेल्याला द्यायची, असा साधा नियम करा. तो पहिल्यांदा जाईल तेव्हा काम थोडं हळू होईल. तेवढं धरूनच चला.

ओळखीचा परीघ याच पद्धतीनं वाढवता येतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नव्या कामाची बातमी अगदी जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. घरात, गल्लीत कुणी नोकरदार नसलेल्या मुलाकडे नेमक्या या लांबच्या ओळखी नसतात. शिक्षकानं महिन्याला अशा एका विद्यार्थ्यासाठी एका माजी विद्यार्थ्याला दोन ओळी लिहाव्यात: हा अमुक विषयात काम करतो, त्याला तुमच्याशी वीस मिनिटं बोलायचंय. नोकरी मागायची नाही, कामाची माहिती विचारायची. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो आणि ओळख तिथंच संपते.

तक्रारीची वाट

संबंध बिघडले तर जायचं कुठं, हे संबंध बरे असतानाच माहीत असावं. १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. समितीच नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत. ती चालू असताना बाईला ३ महिन्यांपर्यंत रजा किंवा दोघांपैकी एकाची बदली मागता येते. समझोता फक्त तिनं मागितला तर, आणि पैसे देऊन मिटवायला कायद्यानं मनाई आहे. हे शेवटचं ठळक लिहा, कारण आपल्याकडे ‘मिटवून टाका’ म्हणणारे वडीलधारे ताबडतोब जमतात.

उद्यमनगरातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये दहा माणसंही नसतात. तिथल्या बायकांसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हाही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. कायदा कंत्राटी, शिकाऊ आणि रोजंदारीच्या बायकांनाही लागू आहे. बाहेरचा सदस्य मालकाचा मित्र असणं, समितीच्या नावांचा कागद केबिनच्या आत लावलेला असणं, ठेकेदाराच्या बायकांना ती आपल्यासाठीही आहे हेच न सांगणं, या तीन ठिकाणी ही व्यवस्था आतून पोकळ होते. नावं आणि फोन नंबर बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं ते निवांत वाचता येतात, फोटो काढता येतो, आणि वाचताना कुणी बघत नाही.

विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असते, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा; त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बुड्सपर्सन) जाता येतं. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

मन बिघडलेल्या माणसाशी बोलायचं तर केबिनमध्ये समोरासमोर बसवू नका. चालता चालता किंवा शेजारी बसून बोला. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणू नका. दिसलंय ते सांगा: ‘दोन आठवडे तू डबा उघडत नाहीस, रात्री झोप लागते का?’ मग थांबा. उपाय सांगायची घाई नको, सल्ला तर नकोच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याच्याबरोबर बसून लावा. आणि विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री नऊनंतर कामाचा मेसेज टाकायचा नाही, एवढं साहेबांनी पाळावं. उत्तर सकाळी दिलं तरी चालेल असं ते म्हणतात, पण वाचणाऱ्याची झोप गेलेली असते.

हे सगळं चालतंय की नाही हे कळायचं सगळ्यात खात्रीचं ठिकाण म्हणजे सोडून गेलेली माणसं. राजीनाम्याच्या दिवशी विचारू नका. हिशेब व्हायचा असतो, अनुभवाचं पत्र हवं असतं, म्हणून तो ‘घरचं कारण’ सांगतो. तीन महिन्यांनी, त्याचा साहेब नसलेल्या माणसानं फोन करावा आणि तीनच प्रश्न विचारावेत. पहिल्या महिन्यात तुला सगळ्यात जास्त मदत कुणी केली? काय कळायला उशीर झाला? कुठल्या दिवशी सोडायचं मनात आलं? पहिल्या प्रश्नाला एकही नाव आलं नाही, तर तो कुणाच्या पाळीत होता आणि त्याला जोडीदार कोण दिला होता, ते वहीत बघा.